झटका येतो की बसतो?

“आमचा काही आक्षेप नाही,” त्या बाई म्हणाल्या आणि समोरच्या नर्सनं चौकटीत ‘नाही’ असं लिहून टाकलं.

मी शेजारच्या खुर्चीत बसले होते. तो फॉर्म मराठीत मीच केलेला. अनुवाद हा माझा पोटापाण्याचा उद्योग. त्यात कथा-कादंबऱ्या कमी आणि औषधांच्या खोक्यातल्या घडीच्या चिठ्ठ्या, संमतिपत्रं, रुग्णांसाठीच्या प्रश्नावल्या असला माल जास्त. हा फॉर्म लहान मुलांच्या तपासणीआधी आईवडिलांकडून भरून घ्यायचा होता, आणि तो लोकांना कळतो का हे पाहायला मला एक दिवस बोलावलं होतं. सातवा प्रश्न होता, ‘बाळाला यापूर्वी कधी आक्षेप आले आहेत का?’

शब्द मी मुद्दाम निवडला होता. संस्कृतातला, भारदस्त. ‘झटके’ लिहिलं तर बोलीतलं वाटेल, ‘फिट’ लिहिलं तर इंग्रजी, म्हणून ‘आक्षेप’. त्या बाईंनी तो ऐकला, क्षणभर मांडीवरच्या बाळाकडे पाहिलं आणि अगदी समजूतदारपणे म्हणाल्या, “आक्षेप कसला? तुम्ही कराल ते चांगल्यासाठीच कराल. आमचा काही आक्षेप नाही.”

मी तिथं नुसतं ऐकायचं असं ठरलं होतं. तरी न राहवून विचारलं, “ताप आल्यावर यानं कधी डोळे फिरवले होते का हो? हातपाय झाडले होते?”

“हो, दोनदा. दुसऱ्या वेळी तर निळा पडला होता.”

नर्सनं ‘नाही’ खोडलं. माझी बरीच मराठी आजवर खोडली गेली आहे, पण इतकी लागलेली नाही. तापात येणारे हे झटके साधारण सहा महिने ते पाच वर्षं या वयातले. शंभरातल्या दोन ते पाच मुलांना येतात आणि बहुतेकांच्या बाबतीत पुढे त्यातून काही निघत नाही. पण तपासणाऱ्याला ते आधी कळायला हवं. मी एका देखण्या शब्दापायी ते झाकून ठेवलं असतं.

गंमत अशी की शब्द चुकीचा नव्हता. ‘क्षिप्’ म्हणजे फेकणं. आयुर्वेदात ‘आक्षेपक’ नावाचा वाताचा विकार आहे, त्यात शरीर पुन्हा पुन्हा फेकल्यासारखं होतं. म्हणजे बघणाऱ्यानं जे पाहिलं तेच नाव ठेवलं. मराठीत येईपर्यंत ही फेकाफेक हातापायांकडून जिभेकडे गेली. आता आपण दुसऱ्याच्या म्हणण्यावर काहीतरी फेकतो, तो आक्षेप. याच धातूचा ‘विक्षिप्त’, इकडेतिकडे फेकला गेलेला माणूस. ‘संक्षेप’ही याच घरचा, एकत्र फेकून लहान केलेला. घराणं मोठं आहे, पण आजारी माणसानं त्यातल्या कुणाची ओळख ठेवलेली नाही, आणि ठेवावी अशी अपेक्षा करणारी मी कोण?

त्या रात्री मी बाकीचे शब्द कागदावर मांडून बसले. झटका, आचका, गचका, हिसका, पेटका, ठसका, धक्का, दणका, चटका. जे अचानक होतं आणि माणसाच्या हातात नसतं त्याच्या शेवटी मराठीत ‘का’ लागतो की काय, असं वाटावं इतकी ही गर्दी. (नियम म्हणून सांगत नाही. नाहीतर ‘मुका’ही या यादीत घालावा लागेल. तसा तो शोभेलही.) हे शब्द उच्चारताना तोंडातही तसंच होतं. मधल्या व्यंजनावर जीभ अडकते आणि सुटते. ‘झुळूक’ म्हणा आणि ‘झटका’ म्हणा, फरक घशालाच कळतो.

यातला प्रत्येक शब्द आपापली जागा धरून आहे. पेटका एका स्नायूचा. पोटरीत येतो, रात्री झोपेतून उठवतो, आणि माणूस पूर्ण जागा राहून ओरडतो. त्यालाच कुणी गोळा म्हणतं, कुणी वांब. हिसका दुसरा कुणीतरी देतो. हिसक्याला दोरीची दोन टोकं लागतात. गचका गाडीचा. उबळ आतून वर चढणारी, खोकल्याची किंवा ओकारीची. उचकी म्हणजे श्वासपटलाचा झटका, आणि लगेच घशातली दारं बंद होतात तो तिचा आवाज. डोळा लागता लागता पायरी चुकल्यासारखं अंग दचकतं तोही एक झटकाच. तेव्हा ज्याला कधीच झटका आला नाही असा माणूस सापडणं कठीण आहे. आपण फक्त लहानांना लाडकी नावं दिली आहेत.

आणि मोठ्यांना? तिथं आमच्या घराची गोष्ट सुरू होते.

माझा धाकटा भाऊ चौदा वर्षांचा होता. मी एकोणीसची. तो पलंगावर पालथा पडून गणितं करत होता, मी खिडकीशी. अचानक तो ओरडला. ती हाक नव्हती. दुखल्याचं ओरडणंही नव्हतं. छाती एकदम आवळली की आतली हवा स्वरतंतूंमधून बाहेर फेकली जाते, त्याचा तो आवाज असतो, हे मला फार वर्षांनी कळलं. मी वळून पाहिलं तर त्याची मान डावीकडे वळत चालली होती, हळूहळू, जणू मागे कुणी हाक मारत होतं. डावा हात कोपरात मुडपून छातीशी आला. दात बसले. आणि तो तसाच लाकडासारखा झाला.

किती वेळ, ते तेव्हा मोजायचं सुचलं नाही. मग सगळं अंग उडायला लागलं. त्याच्या टाचा पलंगाच्या फळीवर आपटत होत्या, त्याचा आवाज मला आजही येतो. टक, टक, टक, टक. थोड्या वेळानं टक, टक. मग टक. मला वाटलं होतं की हे थांबेल ते जोर कमी होत होत थांबेल. तसं झालं नाही. प्रत्येक आपटणं पहिल्याइतकंच जोरात होतं. फक्त दोन टकांमधली जागा लांबत गेली. शेवटच्या टकनंतर मी पुढच्याची वाट पाहत राहिले, आणि तो आलाच नाही. नंतर घोरण्यासारखा श्वास.

मधल्या वेळात शेजारचे काका धावत आले होते. त्यांनी एक चमचा आणून त्याच्या दातांत कोंबला. जीभ गिळली जाईल म्हणून. जीभ कुणालाच गिळता येत नाही, ती खालून बांधलेली असते. पण हे काकांना माहीत नव्हतं आणि मलाही नव्हतं. आई त्याचे पाय दाबून धरत होती. करायचं होतं ते उलट : डोक्याखाली मऊ काहीतरी, आजूबाजूचं टोकदार बाजूला, थांबल्यावर कुशीवर, तोंडात काही नाही, धरून ठेवायचं नाही, आणि घड्याळाकडे बघायचं. बहुतेक झटके दोन-तीन मिनिटांच्या आत आपणहून थांबतात. पाच मिनिटं झाली तर मात्र लगेच दवाखाना. काकांच्या चमच्यानं त्याच्या पुढच्या दाताचा टवका उडाला. तो टवका त्यानं भरून घेतलेला नाही. “माझ्या आजाराचा एवढाच फोटो आहे,” म्हणतो.

त्या दिवसानंतर आमच्या घरात त्या गोष्टीला नाव नव्हतं. आई म्हणायची, “त्याला तसं झालं.” फोनवर, दबक्या आवाजात, “परत तसं झालं का हो.” ‘तसं’ कसं, ते कुणी विचारायचं नाही. पुष्कळ घरांत या आजाराचं नाव ‘तसं’ हेच असतं, असं पुढे कळलं. कोशात मात्र ते या अर्थानं सापडायचं नाही.

बाहेरचे लोक ‘फिट’ म्हणायचे. हा शब्द मराठीनं दोन्ही अर्थांसकट आणला आहे : फिट येते तो आजारी आणि फिट असतो तो ठणठणीत. भावानं कॉलेजात याचं भांडवल केलं. कुणी चौकशी केली की म्हणायचा, “मी फिट आहे. अधूनमधून जास्तच.” हसणारे हसायचे, न कळणारे जिम विचारायचे.

आजीचा शब्द ‘आकडी’. मला तो सगळ्यांत आवडतो, आणि का ते मला उशिरा कळलं. आकडी म्हणजे लहान आकडा, टोकाला वाकवलेली तार किंवा काठी, जिनं उंचावरचं काहीतरी ओढून घ्यायचं. त्या दिवशी त्याचा हात कोपरात मुडपला, मनगट वळलं, बोटं तळव्यात रुतली, तेव्हा तो हात नेमका तसा दिसत होता. डॉक्टर या मोठ्या झटक्याचे दोन टप्पे सांगतात. पहिल्यात सगळे स्नायू एकदम आवळून राहतात, दहा-वीस सेकंद. दुसऱ्यात ते आवळतात, सुटतात, आवळतात, सुटतात, साधारण मिनिटभर, आणि सुटण्याचा काळ वाढत जाऊन थांबतात. वैद्यकशास्त्रानं या दोन्हींसाठी ग्रीकमधून नावं उचलली. मराठीत ती घरातच पडलेली आहेत. आधी आकडी, मग झटके. आजीनं कुठलंही पुस्तक न वाचता पहिल्या दहा सेकंदांवर बोट ठेवलं होतं.

वाकण्यावरूनच दुसरंही एक नाव आहे, धनुर्वात. सुश्रुतानं ‘धनुःस्तंभ’ म्हटलंय, शरीर धनुष्यासारखं वाकतं म्हणून. जखमेतून शिरलेल्या जंतूचं विष मज्जारज्जूतला लगाम सोडवतं. स्नायूंना ‘पुरे’ सांगणारे संदेश अडतात, आणि नुसत्या आवाजानं, उजेडानं, स्पर्शानं अंग ताणलं जातं. लसीमुळे आता हा आजार क्वचित दिसतो. पण त्यातली एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. धनुर्वातात शुद्ध जात नाही. माणूस आत जागा असतो, त्याला सगळं कळत असतं. आकडीत बरोबर उलट. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही सारखेच भीषण, आणि आतल्याचा अनुभव दोन ध्रुवांवर. नावं मात्र दोन्हीकडे शरीराच्या आकारावरून. एक आकडा, एक धनुष्य. नाव ठेवणारा कायम पलंगाच्या बाहेर उभा.

क्रियापदांकडे माझं लक्ष गेलं ते या बाहेर-आतमुळे.

विजेचा झटका बसतो. हृदयविकाराचा झटका येतो. मतमोजणीत झटका बसतो, लहरीचा झटका येतो. बाहेरून जे आदळतं ते बसतं. आतून जे उठतं ते येतं. कुणी हे शिकवत नाही, चार वर्षांचं पोरही चुकत नाही. मला परदेशी विद्यार्थ्यांना मराठी शिकवणाऱ्या एका मैत्रिणीनं सांगितलं, तिचा एक विद्यार्थी ‘मला हृदयविकाराचा झटका बसला’ म्हणाला, आणि वर्गातल्या कुणालाही नक्की काय चुकलं ते सांगता येईना, पण सगळे हसले. जणू कुणी येऊन त्याच्या छातीवर हृदयविकार मारला होता.

‘येणं’ हे आपलं फार मोठं क्रियापद आहे. ताप येतो, झोप येते, राग येतो, रडू येतं, कंटाळा येतो, आठवण येते. या सगळ्यांत माणूस कर्ता नसतोच. तो ‘मला’ होऊन एका बाजूला बसतो आणि ज्या यायच्या त्या गोष्टी चालत येतात. त्यामुळे ‘त्याला आकडी आली’ या वाक्यात मराठीनं भावाला न विचारता निर्दोष सोडलं आहे. त्यानं काही केलं नाही. ती आली. आणि आणखी एक बारीकसं : ताप येतो तसा जातो, राग येतो तसा जातो, पण आकडी गेली असं कुणी म्हणत नाही. आकडी थांबते. गेल्याची खात्री भाषेलाही नाही.

मग राहतात आचके. हा शब्द एकवचनात जवळजवळ भेटत नाही. एक आचका कुणी देत नसतो. आणि आचके येत नाहीत, बसत नाहीत. आचके देतात. मराठीत शरीर काही गोष्टी देतं : ढेकर देतं, जांभई देतं, आळोखेपिळोखे देतं. सगळ्या आपखुशीच्या, सुस्तीच्या गोष्टी. त्यांच्या पंगतीत हे आचके येऊन बसलेत. ज्या क्षणी माणसाच्या हातात काहीच उरलेलं नसतं, त्या क्षणी भाषा त्याला कर्ता करते. तो देतो. काय देतो, कुणाला देतो, त्याला पत्ता नाही. म्हणूनच की काय हा शब्द मरणाला चिकटून बसलाय. विझणारा दिवा आचके देतो, बंद पडणारं इंजिन आचके देतं, बुडीत निघालेला धंदा शेवटचे आचके देतो. लिहिणाऱ्यांना तो फार आवडतो, कारण वाक्याला लगेच चित्र मिळतं.

मलाही आवडायचा. वडिलांच्या जुन्या टाइपरायटरविषयी मी एकदा एक लेख लिहिला होता, त्यात ‘शेवटचे दोन-चार आचके देऊन तो कायमचा गप्प झाला’ असं वाक्य होतं. लेख बऱ्यापैकी गाजला. भावानं तो वाचला, घडी करून ठेवला आणि जेवताना म्हणाला, “ताई, आचके म्हणजे मी देतो तेच ना?”

“अरे, ते वेगळं. मशीन बंद पडलं त्याचं लिहिलंय. तू कुठं बंद पडतोस?”

“पडतो की. परत चालू होतो, एवढाच फरक.”

त्यानं रागानं म्हटलं नव्हतं. खरंच विचारत होता. त्यानंतर मी तो शब्द वापरला नाही असं सांगितलं तर शोभून दिसेल, पण वापरला आहे, दोनदा. शब्द चांगला आहे. फक्त आता लिहिताना हात क्षणभर थांबतो. ‘फेफरं’ मात्र मी सोडलं. ‘काय फेफरं आलंय का तुला’ हे आमच्या वर्गात उठताबसता चालायचं आणि मीही म्हणायचे, त्या गणिताच्या दुपारच्या आदल्या दिवसापर्यंत.

बाहेर उभं राहून बघण्याचा फायदा शास्त्राला झाला, हे कबूल करायला हवं. जॉन ह्यूलिंग्ज जॅक्सन या इंग्रज डॉक्टरनं झटके नुसते पाहिले, पण फार नीट पाहिले. काही रुग्णांत झटका अंगठ्यापासून सुरू होतो, मग मनगट, कोपर, खांदा, चेहरा असा ओळीनं चढत जातो. त्यावरून त्यानं ताडलं की मेंदूच्या पृष्ठभागावर शरीराचे अवयव काही क्रमानं मांडलेले असले पाहिजेत आणि ठिणगी त्या क्रमानं पसरत असली पाहिजे. १८७० मध्ये त्यानं हे मांडलं. त्याच वर्षी जर्मनीत फ्रिट्श आणि हिट्झिग यांनी कुत्र्याच्या मेंदूला बारीक वीज देऊन ठरावीक ठिकाणी ठरावीक स्नायू हलतात हे दाखवलं. पुढे १९२४ मध्ये हान्स बर्गरनं माणसाच्या डोक्यातली वीज पहिल्यांदा कागदावर उतरवली आणि १९२९ मध्ये ती प्रसिद्ध केली. आज भावाच्या डोक्याला तारा लावून निघतो तो नागमोडी रेघांचा कागद तिथून आला. आकडी म्हणजे लाखो पेशींनी आपापलं बोलणं सोडून एकाच वेळी एकच ओरड करणं, हे त्या रेघांत साध्या डोळ्यांनाही दिसतं.

तरी डॉक्टर दर वेळी पहिला प्रश्न मलाच विचारतात. “सुरुवात कुठून झाली? मान कुठं वळली? डोळे उघडे होते की मिटलेले?” रुग्ण शेजारच्या खुर्चीत बसलेला असतो, आणि स्वतःबद्दलची चर्चा पाहुण्यासारखी ऐकतो. एकदा बाहेर आल्यावर म्हणाला, “माझ्या आयुष्यातल्या सगळ्यांत मोठ्या गोष्टी मी तुमच्याकडून ऐकतो.” त्याच्याकडे असतात ते फक्त पुरावे. जिभेची कड चावलेली. दिवसभर पोती उचलल्यासारखं अंग. कपडे बदललेले, आणि ते कुणी बदलले ते ठाऊक नाही. लोक प्रेमानं बघताहेत म्हणजे काहीतरी झालं असावं.

मी मग इतर भाषा चाळल्या, आतून ठेवलेलं एखादं नाव कुठं सापडतं का म्हणून. ग्रीकांनी ‘धरलं जाणं’ या अर्थाचा शब्द केला. तोच पुढे एपिलेप्सी. स्पॅझम म्हणजे त्यांच्याकडे ओढ, खेच. लॅटिनमधला कन्व्हल्शन उपटण्यावरून, हिसकण्यावरून. रोमन लोकांचं एक नाव तर ‘सभेचा आजार’ असं होतं, कारण लोकसभेत कुणाला झटका आला की अपशकुन समजून सभा मोडायची. म्हणजे आजार याचा, आणि नाव सभेच्या खोळंब्यावरून! त्याच्याही आधी, इसवी सनापूर्वी ४०० च्या सुमाराला, हिपोक्रेटिसच्या परंपरेतल्या कुणीतरी ठणकावून लिहून ठेवलं होतं की ज्याला लोक ‘पवित्र आजार’ म्हणतात तो इतर आजारांहून जराही जास्त दैवी नाही, त्याचं मूळ मेंदूत आहे. मलायमध्ये या आजाराचं बोलीतलं नाव ‘गिला बाबी’, शब्दशः डुकराचं वेड. कोरियात जुन्या नावाला वेडाचा वास होता, म्हणून डॉक्टरांनी आणि रुग्णांनी मिळून ते बदललं आणि ‘मेंदूतल्या विजेचा विकार’ अशा अर्थाचं कोरडं नाव घेतलं. मला हे कोरडेपण फार दयाळू वाटलं. जगात पाच कोटींच्या आसपास लोकांना हा आजार आहे, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. नीट औषध मिळालं तर शंभरातले सत्तर जण झटक्याविना जगू शकतात, हेही तीच सांगते. नावामुळे औषधापर्यंत न पोचलेले किती, याची गणती कोण करणार?

आतलं नाव सापडलं ते संस्कृतात, आणि तेही रोज डोळ्यांसमोर असलेलं. अपस्मार. मी त्याला आयुष्यभर ‘आक्षेप’च्या जातीतला, कपाटात ठेवायचा शब्द समजत होते. पण फोड करून बघा. अप आणि स्मृ. आठवण निघून जाणं. फेकणं नाही, वाकणं नाही, तोंडाला फेस नाही, कुणी धरलं-ओढलं नाही. चरकसंहितेत त्याचं वर्णन करताना एक शब्द येतो, ‘तमःप्रवेश’. अंधारात शिरणं. पुढे बीभत्स हालचालींचा उल्लेख आहेच, चरक काही आंधळा नव्हता. पण नाव ठेवताना त्यानं पलंगावरच्या माणसाला विचारलेलं दिसतं, की बाबा रे, तुझं काय गेलं?

उचकी लागली की कुणीतरी आठवण काढतंय म्हणतात. लहान झटक्याला कुणाची तरी आठवण, मोठ्याला आठवणच नाही. हे मी भावाला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, “तुझं अनुवादाचं काम कमी झालंय का सध्या?”

फॉर्म मी दुरुस्त केला. सातवा प्रश्न आता असा आहे : ‘बाळाला कधी झटके (फिट, आकडी) आले होते का? म्हणजे डोळे फिरवणं, अंग ताठ होणं, हातपाय झाडणं, हाक मारल्यावर ओ न देणं.’ लांबलचक झालाय, मांडणी करणाऱ्यानं कुरकुर केली, चौकट मोठी करावी लागली. ‘हाक मारल्यावर ओ न देणं’ हे मूळ इंग्रजीत नव्हतं. ते मी घातलं, आणि कुणी काढलं नाही.

भावाला डॉक्टरांनी एक वही ठेवायला सांगितली आहे. तारीख, वेळ, किती मिनिटं, काय झालं. ती बहुतेक मीच लिहिते, कारण तो त्या वेळी हजर नसतो. परवा, सव्वा वर्षानं, परत आली. मी आता घड्याळ लावते. मान डावीकडे, डावा हात आकडीसारखा, मग झटके, मग तो घोरणारा श्वास. मी वहीत लिहिलं, ‘दु. ३.१०. आकडी, झटके. दीड मिनिट.’ तो संध्याकाळी उठून बसला, पाणी प्यायला, जिभेची कड चाचपली आणि वही मागितली. माझं वाचलं. पेन घेतलं, ‘दीड मिनिट’ खोडलं आणि वर लिहिलं, ‘सव्वा तास.’

“अरे, एवढं कुठं?” मी म्हटलं. “मी घड्याळ लावलं होतं.”

“ते तुझं झालं,” तो म्हणाला आणि वही मिटून उशाशी ठेवली.